ऐंशीच्या पुढे गेली की गाडी थरथरते: चेसिसच्या फोर-व्हील गाड्यांची तपासणी, फुकटापासून खर्चिकापर्यंत

सोयाबीन निघालं आणि पांदण रस्ते वाळायला लागले की आमच्या यवतमाळकडे ही तक्रार हमखास येते. "भाऊ, ऐंशीले गेली का गाडी थरथरते. बॅलन्सिंग केलं, टायर बदलले, तरी तेच." डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून तर जास्तच. आधी आपल्या रस्त्यांवर ऐंशीचा काटा फारसा लागतच नव्हता, म्हणून दोष झाकलेले राहायचे.

थार, जिप्सी, गुरखा, बोलेरो कॅम्पर, जुनी एमएम-५४० किंवा मेजर, अशा चेसिसवर बॉडी बसवलेल्या गाड्यांसाठी हे लिहितोय. छोट्या कारला यातलं निम्मंच लागू होईल.

आधी लक्षण ओळखा

स्टिअरिंग ७० ते ९० च्या दरम्यान थरथरतं, त्याच्या वर-खाली कमी होतं: पुढची चाकं.

स्टिअरिंग शांत, पण सीट आणि पायाखालचा पत्रा घुमतो, आणि गियर बदलला तरी त्याच वेगाला घुमतो: मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (गियरबॉक्सकडून एक्सलकडे फिरणारा लांब दांडा).

गाडी उभी, इंजिन चालू, आणि आरसा नि डॅशबोर्ड हलतात. एसी लावला की जास्त: इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ते.

क्लच सोडताना किंवा ब्रेक मारताना खालून एकच "धड" येतं: पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, शाफ्टचा क्रॉस (टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट), फाउंडेशन किंवा बॉडीचे रबर.

दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही, बोनेट आणि मडगार्डमधली फट एका बाजूला रुंद झाली, पांदणीत सगळी बॉडी करकरते: बॉडी माउंटिंग, आणि नशीब खराब असेल तर चेसिस.

डांबरी रस्त्यावर वळताना गाडी अडल्यासारखी होते, टायर चिरकतात: फोर-व्हील लागलेलंच राहिलंय.

खड्ड्यात चाक गेलं आणि त्यानंतर स्टिअरिंग हातात मावेना इतकं डावं-उजवं झटकायला लागलं, गाडी जवळपास थांबवल्याशिवाय थांबलंच नाही: पुढचं वाचू नका. हळू चालवत, जमलं तर टो करून, गॅरेज गाठा. सरळ एक्सल असलेल्या जुन्या जीपमध्ये किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडचे टोक किंवा ड्रॅग लिंक ढिली झाली की हे होतं. नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून ते काही दिवस दबतं, पण ढिलेपणा तसाच राहतो.

थरथर येते कशी, एवढं समजून घ्या

दोन लांब लोखंडी मेंबर, त्यांना जोडणारे आडवे मेंबर, ही झाली लॅडर चेसिस. इंजिन, गियरबॉक्स, ट्रान्सफर केस, एक्सल, पाटे, सगळं तिलाच टांगलेलं. बॉडी वेगळी, आणि ती चेसिसवर रबरांवर बसवून बोल्टने धरलेली. पांदणीत एक चाक चाकोरीत आणि दुसरं धुऱ्यावर गेलं की चेसिस पिळते. तो पीळ बॉडीच्या पत्र्यात जाऊ नये म्हणून मध्ये रबर. तेच रबर इंजिन आणि चाकांची थरथर वर येण्यापासून अडवतं.

थरथर पैदा होण्याच्या जागा तीन, आणि तिघींची गती वेगळी. ऐंशीच्या वेगाला पंधरा इंची रिमचं चाक सेकंदाला साधारण दहा फेरे घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, चारच्या आसपास असतं, त्यामुळे शाफ्ट सेकंदाला चाळीसेक फेरे घेतो. आणि चार सिलिंडरचं इंजिन आयडलला, ८०० आरपीएमवर, सेकंदाला सत्तावीसेक ठोके देतं. तीन सिलिंडरचं वीस. म्हणून चाकाची थरथर डोळ्याला दिसते, हातात कळते. शाफ्टची घुमते, कानात बसते. थरथर कुठे जाणवते याला फार महत्त्व देऊ नका. ती कशासोबत वाढते-घटते ते पाहा, कारण चेसिस एकीकडचा हादरा दुसरीकडे सहज नेऊन सोडते.

१. रस्त्यावरची परीक्षा, खर्च शून्य

रिकामा, सरळ रस्ता घ्या. ज्या वेगाला थरथर येते तिथे गाडी न्या, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी नुसती वाहू द्या. इंजिन बंद करू नका. ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतील.

थरथर तशीच राहिली तर दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये. एकदम गेली तर इंजिन, क्लच, फाउंडेशन. ॲक्सिलरेटर दाबताना जास्त आणि सोडल्यावर कमी, असं असेल तर शाफ्टचा क्रॉस किंवा शाफ्टचा कोन. मग तोच वेग खालच्या गियरमध्ये ठेवून पाहा. वेगाला धरून येते की आरपीएमला धरून, हे इथेच कळतं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. सिमेंट रस्त्याच्या स्लॅबचे जोड साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे ऐंशीला सेकंदाला पाच ठोके. तीच गाडी चांगल्या डांबरी रस्त्यावर नेऊन पाहा. तिथे शांत असेल तर गाडीला काही झालेलं नाही, पैसे घरी ठेवा.

२. काळी माती काढा

आमच्याकडच्या निम्म्या केसेस इथेच संपतात, म्हणून जरा सविस्तर.

ओल्या वावरातून गाडी काढली की काळी चिकट माती रिमच्या आतल्या बाजूला बसते. बाहेरून चाक धुतलेलं दिसतं. आत, एक्सलच्या बाजूला, एकाच जागी थापी वाळून पक्की झालेली असते. शंभर ग्रॅमचा गोळा जरी रिमला चिकटला, तरी ऐंशीला तो साडेसात किलोच्या आसपास झटका देतो, सेकंदाला दहा वेळा. चाळीसला तोच झटका चौथा हिस्सा होतो, कारण हे बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. म्हणूनच गावात गाडी झकास आणि हायवेवर वैताग.

सर्व्हिसिंगच्या पंपाने नुसतं पाणी मारून ही माती निघत नाही. आधी भिजू द्या, मग खुरप्याने किंवा लाकडी पट्टीने खरवडा, मग पाणी. चारही चाकं आतून हात फिरवून बघा. बॅलन्सिंगच्या दुकानात जायचं तर हे करूनच जा. माती असताना बॅलन्सिंग केलं तर मशीन मातीसकट वजन बसवतं, आणि आठवड्याने माती गळली की थरथर परत.

आता खाली वाका. प्रोपेलर शाफ्टला ठिबकच्या नळीचा तुकडा, गोणीची सुतळी, भंडारा-गोंदियाकडे तणस, असं काहीबाही गुंडाळलेलं असतं. कापून काढा. शाफ्टवर एक छोटी चौकोनी पट्टी वेल्ड केलेली दिसेल, ती मात्र घाण समजून काढू नका. ते कंपनीतून आलेलं बॅलन्सिंगचं वजन आहे. पट्टी तुटून गेल्याची कोरी खूण दिसली तर आजार सापडला.

शेवटी बॉडी आणि चेसिसमधली फट. रबरांच्या आजूबाजूला आणि चेसिसच्या वरच्या अंगावर माती दाबून भरली की ती वाळून दगड होते आणि बॉडी थेट लोखंडावर टेकते. रबर जिवंत असूनही निकामी, कारण थरथर मातीच्या वाटेने वर जाते. बंद पेटीच्या चेसिसमध्ये खालची भोकं पाणी निघण्यासाठी असतात. तार घालून ती मोकळी करा, नाहीतर ओली माती आतून चेसिस खाते आणि बाहेरून रंग चकचकीत राहतो.

३. फोर-व्हीलचा दांडा आणि हब

या बहुतेक गाड्यांत फोर-व्हील पार्ट-टाइम असतं, पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर निघत नाही. मग शाफ्ट आणि गियरमध्ये पीळ साठतो आणि गाडी झटके देते. दांडा २एच वर, म्हणजे टू-व्हीलवर, आणा. अडला असेल तर ओढाताण करू नका, सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटेल. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हेच होतं.

जिप्सीसारखे हाताने फिरवायचे हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर एक फुकटची परीक्षा आहे. २एच मध्ये हब लॉक ठेवून गाडी चालवा, मग हब फ्री करून तोच रस्ता घ्या. हब फ्री असताना पुढचा शाफ्ट फिरत नाही. थरथर गेली तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये.

४. हवा, नट, टायर

हवा थंड टायरमध्ये मोजा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी मोजलेली हवा फसवी असते. व्हील नट पान्याने आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा. पंक्चरवाल्याने घाईत आवळलेला एखादा नट ढिला असणं नवलाचं नाही, आणि ही थरथर थेट चाक निसटण्यापर्यंत जाते. टायरवर तळवा फिरवा: कुठे फुगवटा, कुठे उंच-खोल घास. फुगवटा असेल तर तो टायर आजच उतरवा. एवढं झाल्यावर मग बॅलन्सिंग करा, काही शे रुपयांत होतं. पुढची चाकं मागे टाकून पाहा. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकाबरोबर गेला, म्हणजे चाकाचाच.

याच वेळी सायलेन्सरची टांगती रबरं बघा. पाइप चेसिसला टेकला तर अख्खी बॉडी घुमते, आणि माणूस हजारो रुपयांची फाउंडेशन बदलत बसतो.

५. शाफ्ट, क्रॉस आणि वाढवलेला पाटा

इथून पुढे गाडीखाली जावं लागतं. सपाट जागा, चाकांना अडण्या, आणि गाडी उचलली असेल तर स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा.

शाफ्ट हाताने धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. क्रॉसमध्ये खेळ लागला, किंवा क्रॉसच्या टोपीच्या कडेला लालसर भुकटी दिसली, तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या. हळू रिव्हर्स घेताना "चिव-चिव" येत असेल तर तेच. ग्रीस निप्पल असेल तर आधी ग्रीस मारून बघा. खेळ असेल तर ग्रीसने काही होत नाही, क्रॉस बदला.

सगळ्यांत जास्त फसवणारा दोष वेगळाच. क्लच किंवा गियरबॉक्सच्या कामानंतर थरथर सुरू झाली असेल, तर शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, बघा. क्रॉस जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार रद्द करतो, पण त्यासाठी दोन्ही योक एका रेषेत हवेत. स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) काढून परत घालताना दाते चुकीच्या जागी बसले की रद्द होण्याऐवजी भर पडते. शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, त्या जुळवा. नसतील तर काढण्याआधी पंचने दोन्हीकडे टिंब मारा.

कपाशीच्या गाठोड्यांसाठी मागे एक पाटा वाढवणं हे आपल्याकडचं नेहमीचं. पाटा वाढला की गाडीची मागची बाजू उचलते, शाफ्टचा कोन वाढतो, दोन क्रॉसचे कोन सारखे राहत नाहीत. लक्षण असं: रिकामी गाडी घुमते, माल भरला की शांत. उपाय दोन, वाढवलेला पाटा काढा किंवा एक्सल आणि पाट्याच्या मध्ये मापाची पाचर घालून कोन जुळवा. दुसरं काम पाटेवाल्याचं. तो पाटा काढणार नसाल तर निदान यू-बोल्ट दर महिन्याला आवळत जा.

६. फाउंडेशन, बुश, शॉकअप

बोनेट उघडा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण्या, गाडीसमोर कोणी नको. एकाने पाय ब्रेकवर ठेवून पहिल्या गियरमध्ये क्लच किंचित सोडावा आणि लगेच दाबावा. इंजिन थोडं कलतं, ते चालेल. उचलून आपटत असेल तर फाउंडेशनचं रबर लोखंडापासून सुटलंय. तीन सिलिंडरच्या इंजिनाची आयडलची थोडी थरथर जन्माचीच असते, तिच्यामागे पैसे घालवू नका.

शॉकअपची परीक्षा पांदणीतच होते. चांगली पाच-सात किलोमीटर खडखड झाली की उतरून चारही शॉकअपना पालथा हात लावा. शॉकअपमधलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि हलण्याची ताकद उष्णतेत जाते. हेच त्याचं काम. जो थंड लागेल तो काम करत नाही. सायलेन्सर जवळ असेल तिथे हात जपून.

७. बॉडीचे रबर

वरचं सगळं ठीक निघालं, तर आता इथे या. आधी नाही, कारण हे दिवसभराचं काम आहे.

प्रत्येक जागी वरचं रबर बॉडीचं वजन घेतं, ब्रॅकेटखालचं रबर बॉडीला वर उसळू देत नाही, आणि दोघांच्या मधून लोखंडी स्लीव्ह जाते. रबर किती दाबलं जावं हे ती स्लीव्ह ठरवते. स्लीव्ह गंजून गेली की बोल्ट आवळत जातो, रबर चपाती होतं, आणि ते जितकं घट्ट तितकी थरथर जास्त. "बोल्ट टाइट केले तरी कमी होत नाही" असं कोणी म्हणालं की मी पहिलं हेच बघतो.

रबरावर बसलेल्या वजनाला स्वतःची एक डोलण्याची गती असते. त्या गतीच्या सुमारे १.४ पटीच्या वरची थरथरच रबर अडवतं, खालची उलट वाढवून देतं. आपल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आणि इंजिनच्या धगीत रबर वर्षानुवर्षं कडक होतं. कडकपणा दुप्पट झाला की डोलण्याची गती १.४ पट होते, आणि आधी अडणारी थरथर आता वर येते. रबर फाटलेलं नाही म्हणजे चांगलं, असं नाही. नख दाबून बघा. खूण उमटून भरून आली तर जीव आहे. नख घसरलं, वर चकाकी आणि बारीक भेगा असतील तर संपलं.

बदलायचेत तर सगळे एकदम बदला. एकच नवं घातलं तर ते उंच राहतं आणि एकटंच भार घेतं. बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल पाजा. एका बाजूचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले करा, बॉडीखाली लाकडी फळी देऊन जॅकने रबर निघेल इतकंच उचला. उचलताना एक माणूस फक्त बघायला ठेवा: स्टिअरिंगचा जोड, रेडिएटरचे होस आणि पंख्याची जाळी, ब्रेकचे पाइप, डिझेल भरायची नळी, अर्थची वायर, गियरचे दांडे. काही ताणलं गेलं की थांबा. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या मापाने.

बोल्टबरोबर बॉडीतला नट फिरायला लागला तर तिथेच थांबा. तो पत्र्याच्या पेटीत कैद असतो, काढायला फ्लोअर कापावा लागतो. हे बॉडीवाल्याचं काम.

जुन्या टायरचे किंवा कन्व्हेयरच्या पट्ट्याचे तुकडे कापून घालू नका. त्यांच्या आत नायलॉन किंवा कापडाचे थर असतात, दाबले की रबरासारखे बसत नाहीत. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात खरे, पण कडक असतात. मेळघाटात रोज चढउतार करणाऱ्याला चालतील, घरच्यांना घेऊन नागपूरला जाणाऱ्याला नाही.

फ्लोअरचं वेल्डिंग झाल्यावर घुमणं वाढलं असेल तर आतली डांबरी डॅम्पिंग शीट जळून गेली असणार. वाजत्या ताटाला बोट लावलं की ताट गप्प होतं, तेच काम ती शीट करते. गंज साफ करून, प्रायमर लावून नवी चिकटवा. रबर मेलेलं असताना शीट लावून उपयोग नाही.

८. चेसिस: फक्त बघायचं

तडे कुठे पडतात ते ठरलेलं आहे: पाट्यांच्या हँगरजवळ, शॅकलजवळ, स्टिअरिंग बॉक्स बसतो तिथे, आडव्या मेंबरच्या रिबिटांपाशी. तारेच्या ब्रशने जागा घासा, रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल पांढऱ्या पुडीवर बारीक ओली रेघ काढून बाहेर येतं.

गाडी कधी उलटली किंवा नाल्यात गेली असेल तर कर्ण मोजा. सिमेंटच्या सपाट जमिनीवर गाडी लावून चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांतून ओळंबा सोडा, जमिनीवर खुणा करा, गाडी काढा, आडवे-तिडवे कर्ण टेपने मोजा. कर्ण सारखे हवेत. तुमच्या टेपवर डोळ्याला सहज दिसेल इतका फरक आला तर चेसिस तिरकी झालीय.

तडा, आरपार गंज किंवा तिरकेपणा, यातलं काहीही निघालं तर तुमचं आणि माझंही काम संपलं. चेसिस सरळ करायची मशीन असलेल्या ठिकाणीच गाडी न्या. रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडून तड्यावर पट्टी मारून घेऊ नका. वेल्डच्या शेजारचं लोखंड तापून कमजोर होतं आणि पुढचा तडा पट्टीच्या कडेलाच पडतो. वेल्डिंग कुठेही करायचं असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी काढा. डिफरन्शियलमधून कण्हल्यासारखा आवाज, स्टिअरिंगमध्ये खेळ, ब्रेक मारल्यावरच येणारी थरथर, हेही घरी उघडून बघण्याचे विषय नाहीत.

गाडी देताना तोंडी "थरथरते" एवढंच सांगू नका. कागदावर लिहून द्या: किती वेगाला येते, न्यूट्रलमध्ये राहते की जाते, रिकामी असताना की भरलेली, हब लॉक की फ्री, आणि थरथर सुरू होण्याआधी शेवटचं काम कोणतं झालं होतं.